आठ ओळींचा तास

बालकवींची ‘औदुंबर’ फक्त आठ ओळींची आहे. मोठ्याने म्हणायला मिनिटभरही लागत नाही. तरीही तिच्या अर्थावरून मराठी समीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना कविता वाचायला शिकवायची, तर मला हिच्याइतकी चांगली कविता दुसरी सुचत नाही. शब्द साधे, गोष्ट नाही, उपदेश नाही. आणि शेवटाकडे असं काहीतरी आहे, ज्यापाशी चलाख मूलसुद्धा थबकतं.

अडचण येते ती तासाच्या क्रमामुळे. कविता एकदा वाचली जाते आणि लगेच फळ्यावर मध्यवर्ती कल्पना येते, मग शब्दार्थ, मग भावार्थ उतरवून घेणं. मुलाने कविता नीट पाहिलेली नसते आणि तिचा निकाल वहीत लागलेला असतो. ‘कवीला काय सांगायचं आहे?’ हा प्रश्न वाईट नाही. पण तो पहिल्यांदा विचारला की मूल पुस्तकातून मान वर काढतं आणि शिक्षकांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतं. हा प्रश्न अगदी शेवटी ठेवावा.

आधी कविता कानावर पडू द्यावी. बाकावर बोटांनी ठेका धरत मुलांनी ती दोनतीनदा म्हणावी. प्रत्येक ओळीत आठ मात्रांचे तीन गट येतात आणि शेवटी एक तोकडा तुकडा राहतो, हे ठेक्यातून आपोआप कळतं. वृत्ताचं नाव न सांगताही मुलं बरोबर त्या तुकड्यापाशी श्वास घेतात. लघु-गुरूंचं गणित नंतर मांडलं तर ते कोरडं वाटत नाही, कारण जे बोटांनी मोजलं तेच आता कागदावर दिसतं.

मग रंगपेटी काढायला सांगावी. या कवितेसाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग हाच, आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यावा. प्रत्येकाने कवितेतलं दृश्य काढायचं. अट एवढीच की ओळीत नाही ते चित्रात नको. दोन्ही काठांची हिरवळ, मधून वाहणारा झरा, पलीकडच्या टेकडीच्या बाजूला चिमुकलं गाव, पुढे शेतं, त्यांतून जाणारी वाट, डोह आणि शेवटी झाड. कोणीतरी सवयीने डोंगरामागून उगवणारा सूर्य काढतो. शेजारचा त्याला हटकतो, ‘सूर्य कुठे आहे?’ दोघंही पुस्तकात शोधतात आणि सूर्य खोडला जातो. कवितेचं विश्लेषण याच क्षणी सुरू झालेलं असतं. कोणी वाट सरळ काढतो, कोणी वेडीवाकडी, आणि त्यावरून वाद होतो. तोही ओळीवर बोट ठेवूनच मिटतो.

चित्रं भिंतीवर लावली की रंग मोजायचे. हिरवा तीनदा येतो, निळसर छटा झऱ्याला, पांढरा वाटेला, आणि शेवटच्या तीन ओळींत काळा दोनदा. हिरव्यागार चित्रात काळा शिरतो कुठून? वाटेवरून. डोळा झऱ्याबरोबर वाहतो, शेतांतून फिरतो आणि ती वाट त्याला डोहाकाठी आणून सोडते. तिथे वाहणं, चालणं, पसरणं या साऱ्या क्रियापदांनंतर एक बसण्याचं क्रियापद येतं आणि कविता थांबते. शीर्षकातलं झाड आठव्या ओळीपर्यंत कुठेच दिसत नाही, हेही मुलांनाच शोधू द्यावं.

त्यानंतर विचारावं, ‘कवितेत माणसं किती?’ वर्ग शोधतो आणि चकित होतो. घरं आहेत, शेतं आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही. वाट स्वतःच चालली आहे आणि झाड माणसासारखं पाय पाण्यात सोडून बसलं आहे. चेतनगुणोक्ती हे नाव इथे सांगावं. वस्तू हाताशी आल्यावर नाव पक्कं बसतं.

शहरातल्या मुलांनी उंबर पाहिलेलाच नसतो. शक्य असेल तर त्यांना झाडापाशी न्यावं, नाहीतर छायाचित्र दाखवावं. ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारं झाड, खोडालाच लगडलेले फळांचे घोस, खाली गर्द सावली. घरात दत्ताची तसबीर असेल तर औदुंबराचा आणि दत्तगुरूंचा संबंध मुलं स्वतःच सांगतात. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी तर या झाडाच्या नावाचं दत्तक्षेत्रच आहे.

आता खरा पेच. कवीने पाण्यावरच्या काळसर छायेला गोडवा का दिला? काळोख गोड कसा असेल? इथे वर्ग फुटतो, आणि फुटू द्यावा. एकीला ते झाड ध्यानाला बसलेला साधू वाटतं. एकाला दुपारी शाळा बुडवून नदीवर आलेला मुलगा दिसतो. एखादं मूल हळूच म्हणतं की हे मरणाबद्दल आहे. शिक्षकांनी प्रत्येकाला एकच विचारायचं: ‘कोणत्या ओळीवरून?’ साधू म्हणणारी बसण्याकडे आणि निर्जनतेकडे बोट दाखवते, मुलगा म्हणणारा पाण्यातल्या पायांकडे, मरण म्हणणारा डोहाकडे. तिन्ही अर्थ टिकतात. ‘झाड बुडतंय’ असं कोणी म्हटलं तर ते टिकत नाही, कारण आठवी ओळ त्याला खोटं पाडते. कवितेला अनेक अर्थ असतात, पण वाटेल तो अर्थ नसतो, हे मुलांना यातून स्वतः ताडून पाहता येतं.

कवीची माहिती या सगळ्यानंतर द्यावी, असं माझं ठाम मत आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९० चा, धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनाने या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. हे आधीच सांगितलं तर डोह म्हणजे मृत्यू हे सगळ्या वर्गाचं एकमुखी उत्तर होतं आणि साधू व तो मुलगा दोघंही गायब होतात. शेवटी सांगितलं तर मुलं पुन्हा पुस्तक उघडतात आणि आपलं मत तपासतात.

लेखन मग जड जात नाही. मला काय दिसलं, ते कोणत्या ओळीत आहे, त्यावरून मला काय वाटतं, एवढं आपल्या शब्दांत एका परिच्छेदात लिहायचं. पुढे दहावीला विचारलं जाणारं रसग्रहण याहून फार वेगळं नसतं. घरी जाताना याच कवीची ‘श्रावणमास’ सोबत द्यावी आणि दुसऱ्या दिवशी विचारावं: दोन्ही कवितांतला हिरवा रंग एकच आहे का? कोणत्या ओळीवरून?