पडद्यावरची शेवटची ओळ

डॉक्टरांची परिषद असो, अभियंत्यांची बैठक असो की बँकेतला तिमाही आढावा. दिवे मंद होतात, प्रोजेक्टर सुरू होतो आणि वक्ता पडद्याकडे तोंड करून वाचू लागतो. अशा कितीतरी बैठकांना मी बसलो आहे. बाहेर पडताना शेजाऱ्याला विचारावं, ‘नेमकं काय सांगितलं हो?’ तर उत्तर मिळतं, ‘फाईल मेलवर येईल, तेव्हा बघू.’ आपण हसून सोडून देतो. पण न पोचलेल्या एखाद्या मुद्द्याची किंमत फार मोठी असू शकते. एक खरी घटना सांगतो.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अमेरिकी अंतराळयान झेपावलं. कर्नालची कल्पना चावला त्यात होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असताना अभियंत्यांनी हिशेब मांडले आणि नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाईड्स दाखवल्या. १ फेब्रुवारीला परतताना यानाचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर गेले.

त्यातली एक स्लाईड पुढे जगभर गाजली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानं आपल्या अहवालात तिची दखल घेतली. स्लाईडचा मथळा दिलासा देणारा होता. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : पूर्वीच्या चाचण्या ३ घन इंचांच्या तुकड्यांवर झाल्या होत्या, यानावर आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट मोठा! चाचण्यांवरून काढलेला निष्कर्ष इथे लागू पडेल, याची खात्रीच नव्हती. ती ओळ पडद्यावर होती, पण मथळा उलट दिशेला बोट दाखवत होता.

एका स्लाईडमुळे अपघात झाला, असं मी म्हणणार नाही. मंडळानं व्यवस्थापनातले अनेक दोष दाखवले. मात्र तांत्रिक अहवालाऐवजी स्लाईड्सवर विसंबण्याच्या सवयीलाही त्यानं नावं ठेवली. जाणकारांपुढे बोलणाऱ्या प्रत्येकानं ते ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट मथळ्याची. ‘चाचण्यांचा आढावा’ हा मथळा काहीच सांगत नाही. ‘आपल्या चाचण्या या तुकड्याला लागू नाहीत’ हे वाक्य सगळं सांगतं. मथळ्यात विषय लिहू नका, निष्कर्ष लिहा. तोही पूर्ण वाक्यात.

दुसरी गोष्ट, धोका तळाशी ढकलू नका. स्लाईड तयार झाली की तिची शेवटची ओळ वाचा आणि स्वतःला विचारा, ‘हीच तर मुख्य बातमी नाही ना?’ असेल तर ती वर न्या.

तिसरी गोष्ट आकड्यांची. सुटा आकडा मुका असतो. १९२० म्हटल्यानं कुणी दचकत नाही, ‘६४० पट’ म्हटल्यावर खोलीतले सगळे मान वर करतात. आकडा नेहमी तुलनेसह द्या आणि दोन्हींचं एकक एकच ठेवा.

चौथी, तपशिलाची जागा कागदावर. मोठा तक्ता पडद्यावर कुणालाच वाचता येत नाही. दोन-चार पानांचं टिपण आधी वाटा, पाच मिनिटं वाचू द्या, मग बोला. श्रोते तज्ज्ञ असतील तर त्यांना समजावण्यापेक्षा तपासू देणं महत्त्वाचं. प्रश्नांसाठी निम्मा वेळ राखून ठेवलात, तरी तो वाया जात नाही.

पाचवी, पडद्यावरचं वाचून दाखवू नका. श्रोते तुमच्यापेक्षा वेगानं वाचतात आणि मग तुमचं बोलणं मागे पडतं. चर्चा सुरू झाली की पडदा काळा करा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाईड-शो चालू असताना ‘बी’चं बटण दाबलं की पुरे. लोक आपोआप तुमच्याकडे पाहू लागतात.

आता कुणी म्हणेल, ‘साहेबांना दहा स्लाईड्सच हव्या असतात, आमच्या हातात काय आहे?’ दहा तर दहा. पण पहिल्या स्लाईडवर काय लिहायचं, हे तुमच्याच हातात असतं.

शेवटी एक सोपी परीक्षा. रेडिओवर बोलणाऱ्याच्या मदतीला पडदा नसतो. तुमचं म्हणणं एखाद्या सहकाऱ्याला स्लाईडविना दोन मिनिटांत सांगून पाहा. त्याला ते कळलं आणि त्यानं नेमका अडचणीचा प्रश्न विचारला, तर खुशाल प्रोजेक्टर लावा. नाही कळलं, तर आधी म्हणणं नीट करा, स्लाईड्स मागाहून.