सिंकखालची फळी वाळूनही का बसत नाही?

पाइपची गळती थांबवली, कपाट पुसलं, पंखाही लावला. तरी सिंकखालच्या ट्रॉलीचा तळ फुगलेलाच आणि दार काही लागत नाही.

असा तळ बहुधा पार्टिकल बोर्डाचा असतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात कालवून, तापवून, दाबून केलेली फळी. चेपलेल्या कणांना गोंदच धरून ठेवतो. पाणी शिरलं की कण फुगतात, आणि स्वस्त बोर्डातला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद ओलाव्याने सुटत जातो. गच्च भरलेल्या बॅगेची चेन तुटावी तसंच हे! पुढे पाणी उडून जातं, पण कारखान्यातला तो दाब घरी कुठून आणणार?

वरचा सनमायका शाबूत दिसतो, त्याला फसू नका. पाणी शिरतं कडेने. त्यातही पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या उघड्या कडेतून. तिथे सीलंट लावणारा सुतार विरळाच.

सिंकखाली आयएस 710 ची मरीन प्लाय घ्यावी. तिचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा, अशी कसोटी असते. मात्र आधी गळतीने भिजलेली भिंत वाळू द्या. ती वाळली का हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं, तर सुताराला एवढ्यात बोलावू नका.