रविवारचं मटण आणि सोमवारचा काटा

"मॅडम, बाकी काय बी बंद करा, रविवारचं तेवढं सोडा."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. वय 46, उंची 170 सेंटिमीटर, वजन 94 किलो, बँकेत कॅशियर. कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागून मला 19 वर्षं झाली. हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. अलीकडे त्याला 'चीट डे' असं नाव मिळालंय, एवढाच फरक. सहा दिवस पथ्य, सातव्या दिवशी काहीही आणि कितीही.

पूर्वी माझ्या छापील तक्त्यात रविवारचा रकाना मीही रिकामा सोडायची. माणसं कंटाळून पथ्य सोडू नयेत, हा हेतू. ती माझी चूक होती, हे मला कळलं ते याच कॅशियरसाहेबांच्या वहीमुळे.

सोमवार ते शनिवार ते अगदी सांगितल्याप्रमाणे जेवायचे. तरी सहा आठवड्यांत वजन उतरलं जेमतेम एक किलो. मी म्हटलं, "एका रविवारी तोंडात गेलेलं सगळं लिहून आणा. घास न् घास." पुढच्या खेपेला वहिनीही सोबत आल्या. वही टेबलावर उघडली आणि साहेब वाचू लागले. सकाळी मिसळ, चार स्लाइस, वर दोनदा तर्री. "आणि भजी?" वहिनी म्हणाल्या. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि समासात बारीक अक्षरात 'कांदाभजी, 1 प्लेट' असं लिहिलं. मग दुपारचं जेवण: सुकं मटण, तांबडा, पांढरा, दोन भाकरी, भात. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, मुलांबरोबर आइस्क्रीम कॉकटेल. रात्री उरलेला रस्सा आणि भात.

आम्ही तिघांनी मिळून हिशेब केला. मिसळ 620 कॅलरी, दिवसभराचा चहा 150, भजी 280, दुपारचं जेवण 1450, भेळ 350, आइस्क्रीम 400, रात्रीचं 700. बेरीज 3950. हे आकडे अंदाजाचेच असतात. तेलाचा हात घरोघरी वेगळा. पण साहेबांच्या शरीराला दिवसाला लागतात सुमारे 2300. पथ्याच्या दिवशी ते 1800 खायचे, म्हणजे रोजची बचत 500 आणि सहा दिवसांची 3000. त्यातल्या 1650 एका रविवारने खाल्ल्या. शिल्लक 1350. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, तेव्हा आठवड्याला जिथे 390 ग्रॅम उतरायला हवेत तिथे 175 उतरत होते. सहा आठवड्यांत एक किलो का, त्याचं उत्तर त्या पानावर होतं.

मग मी पेन घेऊन मटणाभोवती गोल काढला आणि बाकीचं खोडलं. सकाळी उपीट, दुपारी तेच 1450 कॅलरींचं साग्रसंगीत जेवण, रात्री मुगाचं धिरडं आणि ताक, दोन कप चहा. बेरीज आली 2300 च्या आसपास. म्हणजे त्या दिवशी बचत शून्य, पण आधीच्या 3000 ला धक्का नाही. साहेब त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. ज्या मटणासाठी ते माझ्याशी भांडायला तयार होते, त्या मटणाने त्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं मटणाच्या मागेपुढे, आज सूट आहे म्हणून खाल्लेल्या गोष्टींनी. त्यातल्या भजीची तर त्यांना आठवणसुद्धा राहिली नव्हती.

तेव्हापासून माझं सांगणं पक्कं झालं: एक जेवण मोकळं ठेवा, अख्खा दिवस नको. दिवस मोकळा सोडला की तो पसरत जातो, आणि हा कुणाच्या मनाचा कमकुवतपणा नाही. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी पोट भरलं म्हणून आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत जपून खायच्या, त्यांनी मात्र मिल्कशेक न घेतलेल्यांपेक्षा जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, तर आजचा दिवस गेलाच, ही भावना सकाळच्या मिसळीपासूनच सुरू होते.

सोमवारच्या काट्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या काट्याने कितीतरी जणांचं अवसान घालवलंय. रविवारी पोटभर जेवलं की सोमवारी वजन किलो-दीड किलोने वाढलेलं दिसतं. ती सगळी चरबी नसते. भात-भाकरीतल्या पिठूळ पदार्थांचं शरीर ग्लायकोजन करून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रश्श्यातलं मीठ आणखी पाणी धरतं. बुधवार-गुरुवारपर्यंत हे ओसरतं. घाबरून सोमवारी नुसत्या काकडीवर राहणारी माणसं मंगळवारी संध्याकाळी फरसाणाच्या डब्याशी उभी असतात. माझ्याकडे वजन गुरुवारीच होतं.

जिमला जाणारी मुलं विचारतात, "मॅडम, चीट डेने मेटाबॉलिझम वाढतो ना?" याच्या मुळाशी लेप्टिन आहे. चरबीच्या पेशींतून येणारं हे संप्रेरक 1994 मध्ये सापडलं. खाणं कमी केलं की ते घटतं आणि भूक वाढते, हे खरं. पण एक दिवस भरपेट खाल्ल्याने ते वर येतं ते थोड्या काळापुरतंच. आणि रविवारच्या 1650 कॅलरी फेडण्याइतकी चरबी त्याने जळत नाही. विसाव्याचा खरा उपयोग दिसला तो ऑस्ट्रेलियातल्या 2017 च्या एका अभ्यासात. दोन आठवडे कमी खाणं आणि दोन आठवडे शरीराला लागेल तितकंच खाणं, असं आलटून पालटून करणाऱ्या लठ्ठ पुरुषांचं वजन सरासरी 14.1 किलोने उतरलं. सलग कमी खाणाऱ्यांचं 9.1 किलोने. मात्र त्या विसाव्याच्या आठवड्यांत जेवण मोजलेलं होतं, मेजवानी नव्हती. आपल्याकडे उपवासाचं नेमकं उलटं झालं, म्हणून तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण पडली.

काही जणांना मात्र मी हे मोकळं जेवणही सांगत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात असे चढउतार करू नयेत. आदल्या दिवशीची मेजवानी आणि दुसऱ्या दिवशीची उपासमार, दोन्ही त्यांना महागात पडतं. आणि एक मुलगी मी विसरू शकत नाही. 22 वर्षांची. तिचा 'चीट डे' खोलीचं दार लावून व्हायचा. पोट दुखेपर्यंत खायची, मग रडायची, मग दोन दिवस काहीच नाही. आईला वाटायचं, पोरगी किती कडक पथ्य करते! त्या मुलीला तक्त्याची गरजच नव्हती. मी तिचं डाएट त्याच दिवशी थांबवलं आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आपल्या घरात कुणी खाणं लपवत असेल, खाल्ल्यावर स्वतःची घृणा वाटते म्हणत असेल, तर कृपा करून कॅलरी मोजू नका, त्या माणसाजवळ बसा आणि मदत मिळवा.

कॅशियरसाहेब आता 87 वर आहेत. आषाढ लागला, त्र्यंबोलीच्या यात्रेचे दिवस आले, तेव्हा ते पुन्हा वही घेऊन आले. एकाच आठवड्यात चार घरची आमंत्रणं. "चारीकडं जातो मॅडम, पण जेवतो एकाच ठिकाणी," म्हणाले, आणि वही माझ्याकडे फिरवली. तीन नावांपुढे 'नुसता पांढरा, एक वाटी' असं लिहिलं होतं. चौथं घर कागलच्या बहिणीचं. तिच्या नावापुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.