नोकरी पक्की आहे का?

दिवाळी झाल्यावर मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाण्याच्या आणि कापसाच्या भावाच्या गोष्टी झाल्या. मग मुलाच्या मामांनी सतरंजीवर जरा पुढे सरकून मुलीला विचारले, "कॉलेजात शिकवता म्हणे तुम्ही. परमनंट आहे का जी?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे खिडकीबाहेर पाहत होते.

हा प्रश्न आमच्या घराला नवा नाही. तीसेक वर्षांपूर्वी यवतमाळला माझ्या माहेरच्या बैठकीत तो असाच विचारला गेला होता. विचारणारे माझे वडील होते, उत्तर देणारे हे. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. जावई प्राध्यापक मिळतो आहे, म्हणून त्यांची मान आधीच ताठ झाली होती. तरी मुलीचा बाप म्हणून त्यांनी विचारलेच, "नोकरी पक्की आहे ना?" हे म्हणाले, "लागली आहे. पक्की होईल."

त्या 'होईल'ची गोष्ट सांगण्यासाठी हा लेख.

आमचे हे जुलै १९९२ मध्ये जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठीचे अधिव्याख्याता म्हणून लागले. सासऱ्यांची सहा एकर कोरडवाहू. एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर रात्र रात्र बैलगाडीखाली झोपून त्यांनी कापूस विकला आणि त्या पैशांवर मुलगा एम. ए. झाला. वर्तमानपत्रात जाहिरात आली, रीतसर मुलाखत झाली, निवड समितीने निवडले. मूळ पगार २२०० रुपये, वर महागाई भत्ता. सगळे नियमाने झाले, असेच सगळ्यांना वाटले.

पण त्याच्या आदल्या वर्षी, १९ सप्टेंबर १९९१ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाने नवे नियम काढले होते. महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी पुरेशी नाही, नेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असायला हवे. पुढे राज्याची सेट आली. ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत एम. फिल. झालेल्यांना आणि पीएच. डी.चा प्रबंध सादर केलेल्यांना सूट मिळाली. हे दोन्हीत बसत नव्हते. तरीही महाविद्यालयांना शिक्षक हवे होते आणि तालुक्याच्या गावी नेट झालेला उमेदवार मिळत नव्हता. त्यामुळे अशा नेमणुका राज्यभर होत राहिल्या. मान्यता यायची ती एकेका वर्षाची. दर जूनमध्ये आमच्या घरात तोच विषय असायचा: मान्यता आली का? ती येईपर्यंत पगार अडायचा. पहिल्या वर्षी तर हातात पगार पडायला आठ महिने लागले. किराणा दुकानदार भला माणूस होता. "सर, वही आहे ना, लिहून ठेवतो," म्हणायचा. त्या वहीत माझ्या पहिल्या संसाराचा सगळा हिशेब आहे.

गावात मात्र प्राध्यापकाचा मान मोठा. आपल्या जिल्ह्यात त्याला कारणही आहे. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेले राम शेवाळकर १९९४ साली पणजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तालुक्याच्या गावात राहून, कोळशाच्या आणि कापसाच्या मुलखात राहून, माणूस साऱ्या महाराष्ट्राला ऐकायला लावू शकतो, हे आमच्या पिढीने पाहिले होते. त्याच वर्षी आमची मुलगी झाली. ह्यांनी तिला मांडीवर घेतले आणि म्हणाले, "हिला मराठीच शिकवू." मी म्हटले, "आधी तुमची परीक्षा होऊ द्या."

परीक्षा सात वेळा दिली. रात्रभर एस. टी.चा प्रवास, सकाळी नागपूरला केंद्रावर, संध्याकाळी परत. तेव्हा तीन पेपर असत. पहिला सगळ्यांना सारखा: तर्क, आकडेमोड, तक्ते वाचणे. पहिल्या दोन पेपरांत निभावले तरच तिसरा, मराठीचा दीर्घोत्तरी पेपर तपासला जाई. ज्या माणसाला ज्ञानेश्वरीचे अध्यायच्या अध्याय पाठ, तो टक्केवारीच्या तक्त्यात अडकायचा. एकदा दोन गुणांनी गेले. एकदा ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीला ताप भरला आणि हे स्टँडवरून परत आले. त्यावर आम्ही दोघे कधी बोललो नाही. पण पुढे कित्येक दिवस मुलगी खोकली की मला अपराध्यासारखे वाटे.

नेटची अट चूक होती, असे मी म्हणणार नाही. मुलांना शिकवणाऱ्याची पारख व्हायलाच हवी. ह्यांनाही ते मान्य होते. त्यांचे म्हणणे एवढेच असायचे, "पारख करायची तर दारातच करा. घरात घेतले, वीस वर्षे राबवून घेतले, आणि मग विचारता, तू कोण?"

ही वीस वर्षे हे एकाच पायरीवर उभे होते. बरोबरीचे नेटवाले सहकारी वरिष्ठ श्रेणीत गेले, पुढे निवड श्रेणीत गेले. ह्यांना ते लाभ नव्हते. वर्ग तेच, पेपर तेच, निवडणुकीची ड्यूटी तीच. स्टाफरूममध्ये कुणी मुद्दाम हिणवत नसे, पण ओळख करून देताना 'आमचे नॉननेट सर' असा शब्द एखाद्याच्या तोंडून निसटे. त्या दिवशी हे घरी आले की चप्पल काढण्याच्या आवाजावरून मला कळायचे.

आणि तरी शिकवणे कमी झाले नाही. ह्यांच्या वर्गात बहुतेक मुले शेतकऱ्यांची, तांड्यावरची, पोडावरची. सकाळी शेतात पाणी देऊन, दहा-बारा किलोमीटर सायकल मारून येणारी. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचे नाव सारखे येऊ लागले, त्या वर्षांत वर्गातला एखादा मुलगा अचानक यायचा बंद व्हायचा. हे त्याच्या गावी जात. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असली की आमच्या डब्यातले पैसे कमी झालेले मला दिसत. मी विचारत नसे.

ह्या सगळ्यात ह्यांनी पीएच. डी.चे काम हाती घेतले. विषय होता आपल्या भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. पण खेड्यातली बाई परक्या पुरुषासमोर ओवी म्हणेल कशी? पहिल्या दोन गावांहून हे रिकाम्या हाताने परतले. मग रविवारी मी सोबत जाऊ लागले. मुलगी कडेवर, हातात वही. हे बाहेर पारावर म्हाताऱ्यांशी बोलत बसायचे आणि आत चुलीपाशी मी लिहून घ्यायची. जाते बंद पडलेल्या घरातली आजीसुद्धा हात गोल फिरवल्याशिवाय ओवी म्हणू शकत नसे. रिकाम्या हवेत फिरणारा तो हात मला अजून दिसतो. अशा अकरा वह्या भरल्या. पण अमरावतीच्या खेपा, परीक्षेची तयारी, सासऱ्यांचे आजारपण, ह्यात मुदत निघून गेली आणि मार्गदर्शकही निवृत्त झाले. वह्या पत्र्याच्या पेटीत गेल्या. हे म्हणायचे, "यवतमाळात कॉलेज नव्हते तेव्हा य. खु. देशपांडे वकिली करता करता महानुभावांच्या पोथ्या वाचत बसले. संशोधनाला पदवी लागत नाही." बोलायचे ते हसून. पेटीला कुलूप मात्र त्यांनीच लावले होते.

२०१३ साल आमच्या घराच्या कायम लक्षात राहील. त्या फेब्रुवारीत राज्यभरच्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्यांच्या सेवा नियमित करणे, ह्या प्रमुख मागण्या होत्या. आंदोलन मे महिन्यापर्यंत चालले. त्या काळातला ७१ दिवसांचा पगार कापला गेला. पण पगारापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच होती. मुलगी त्या वर्षी बी. ए.ला होती. बाप परीक्षेवर बहिष्कार टाकून बसलेला आणि लेक परीक्षा कधी होईल म्हणून वाट पाहत बसलेली, एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर असेल. पण आमचं काय चुकलं?" हे काही बोलले नाहीत. शेजारीपाजारी तर उघड बोलत, "सरकार एवढा पगार देते, अन् मास्तर पेपर तपासत नाहीत म्हणजे काय?" त्यांना काय सांगणार? पगार दिसतो, पायरी दिसत नाही.

२७ जून २०१३ रोजी शासन निर्णय निघाला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० ह्या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या. मी साखर आणली. हे निर्णय वाचत होते. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. सेवा नियमित झाली होती, पण निर्णयाच्या तारखेपासून. म्हणजे १९९२ ते २०१३ ह्या एकवीस वर्षांचे काय? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मग जो माणूस १९९२ पासून शिकवतो आहे, पण कागदावर २०१३ ला 'लागला', त्याने कुठल्या रांगेत उभे राहायचे? राज्यभरच्या प्राध्यापकांना त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आमच्याकडेही कागदांची एक पिशवी तयार झाली. दारामागच्या खिळ्याला ती कित्येक वर्षे लटकत होती.

मी कायदा शिकलेली नाही. मला आपले घरातले मोजता येते. त्या एकवीस वर्षांत मुलगी जन्मली, चालायला लागली, कॉलेजात गेली. सासू-सासरे गेले. किराणा दुकानदाराच्या वह्या बदलल्या. कागदाने ती वर्षे मोजली नाहीत, म्हणून ती झालीच नाहीत असे थोडेच आहे?

हे साठाव्या वर्षी, २०२४ मध्ये निवृत्त झाले. निरोप समारंभाला जुने विद्यार्थी आले होते. एक तलाठी, एक पोलीस, दोन शिक्षक, बाकीचे शेती करणारे. त्यांच्यापैकी कुणीही सरांना नेटचे विचारले नाही.

आता मुलीचे. तिने एम. ए. केले, मराठीतच. नेट पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाली. ज्या दिवशी निकाल लागला, त्या दिवशी ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. स्वतःच्या लग्नातसुद्धा माणूस इतका हसला नव्हता. मग तिने पत्र्याच्या पेटीचे कुलूप उघडले. अकरा वह्या बाहेर काढल्या, त्या गावांना पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पीएच. डी. झाली. प्रबंधाच्या पहिल्या पानांत तिने लिहिले आहे, 'ओव्यांचे मूळ संकलन: माझी आई.' ते पान मी अजून पुरते वाचू शकलेले नाही. डोळ्यांपुढे अक्षरे राहत नाहीत.

पण नोकरी? २५ मे २०१७ च्या शासन निर्णयाने प्राध्यापक भरती थांबली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात ३५८० जागा भरायला परवानगी मिळाली. रिकाम्या जागांचा तो ४० टक्के भाग, आणि रांग केवढी! मुलगी तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर त्याचे पैसे. सुटी लागली, परीक्षा लागली, की पैसे नाहीत. झालेल्या तासांचे पैसे यायलाही महिने जातात. दर जूनला पुन्हा मुलाखत. दोन गावांतली दोन महाविद्यालये आणि मधे एस. टी.

बापाकडे जागा होती, नेट नव्हते. लेकीकडे नेट आहे, पीएच. डी. आहे, जागा नाही. बापाला 'तू पात्र नाहीस' म्हणून थांबवले. लेक पात्र आहे, तर दारच बंद. दर जूनला आमच्या घरात विषय तोच. फक्त वाट पाहणारे माणूस बदलले.

तर पाहुण्यांच्या मामांनी विचारले होते, "परमनंट आहे का जी?" मुलगी खाली मान घालून होती. ह्यांनी खिडकीवरची नजर काढली आणि शांतपणे म्हणाले, "शिकवणं पक्कं आहे. नोकरीचं सरकारला विचारावं लागेल."

मामा हसले. सगळेच हसले. सुपारी देऊन त्यांना निरोप दिला. 'कळवतो' म्हणाले होते, पण कळवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एस. टी.साठी मुलगी निघाली. मी डबा दिला. ती चप्पल घालत होती तेव्हा हे आतून आले. हातात जुनी, कडा झिजलेली एक वही होती. "आज ओवी शिकवणार आहेस ना? ही ने," म्हणाले. "पोरांना लिहिलेलं दाखव. छापलेलं पुस्तकात असतेच."

तिने वही पिशवीत घातली आणि ती निघाली. त्या दिवशी तिचे दोनच तास होते.