नागपूरची मेट्रो : बिचकू नका, बसून पाहा!



आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला नागपूर काही नवं नाही. कोणाला दवाखान्यासाठी, कोणाला कोर्टाच्या तारखेसाठी, कोणाला मुलाच्या कॉलेजसाठी, वर्षातून एकदा तरी अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून गाडी धरावीच लागते. मात्र नागपूरच्या स्टेशनाबाहेर आलं की पाऊल अडतं. डोक्यावरून पुलावर मेट्रो धावत असते आणि आपण खाली ऑटोवाल्याशी भाव करत उभे असतो. मेट्रोत बसायला मन धजत नाही. कुठून चढायचं, कुठं उतरायचं, चुकलं तर लोक हसतील, अशी भीती वाटते. त्या भीतीपायी खिशातले पैसे जातात आणि सोबतच्या आजारी माणसाची फरफट होते, ती वेगळीच.

खरं सांगायचं तर एस.टी.ची पाटी वाचता येणाऱ्या माणसाला मेट्रो अवघड नाही.

दोन मार्ग, एक सांधा

नागपूरची मेट्रो 7 मार्च 2019 ला सुरू झाली आणि 11 डिसेंबर 2022 ला तिचा पहिला टप्पा पुरा झाला. तिचे मार्ग दोनच. नारिंगी मार्ग उत्तर-दक्षिण जातो, ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत. आकाशी मार्ग पूर्व-पश्चिम जातो, प्रजापती नगरापासून लोकमान्य नगरापर्यंत. दोन्ही मार्ग सीताबर्डीला एकमेकांना भेटतात. आपल्याकडे बडनेऱ्याला गाडी बदलतात, तशी इथं सीताबर्डीला बदलायची.

एस.टी.च्या कपाळावर शेवटच्या गावाचं नाव असतं, तसंच मेट्रोचं आहे. गाडी कोणत्या दिशेची, हे शेवटच्या स्टेशनाच्या नावावरून ओळखायचं. पुढे मार्ग वाढवायचे आहेत, तेव्हा ही शेवटची नावंही बदलतील. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता पाटी वाचावी.

एक उदाहरण घेऊ

समजा, आईला घेऊन मिहानमधल्या एम्स दवाखान्यात जायचं आहे. रेल्वेतून उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मेट्रोचं ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ हे थांबण्याचं ठिकाण संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. गर्दीच्या मागं मुख्य दरवाजानं बाहेर पडलात, तर उलट्या बाजूला जाल. पुलावरूनच विचारून घ्या.

तिथून लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. पहिलं स्टेशन कॉटन मार्केट, दुसरं सीताबर्डी. सीताबर्डीला उतरा, पण फाटकाबाहेर पडू नका. तिकीट तेच चालतं. आतल्या आत नारिंगी मार्गाच्या फलाटावर जा आणि खापरीची गाडी धरा. खापरीला उतरल्यावर मात्र बस किंवा ऑटो लागेल, कारण मेट्रो दवाखान्याच्या दारात जात नाही. शासकीय मेडिकल कॉलेजचंही तसंच आहे. मेडिकल चौकात मेट्रोचं स्टेशन नाही.

नावांनी फसू नका

अजनी रेल्वे स्टेशन आणि मेट्रोचं अजनी चौक स्टेशन ही एक जागा नव्हे. दीक्षाभूमीला जाणाऱ्या बंधू-भगिनींनी तर विशेष जपावं. ‘आंबेडकर चौक’ हे नाव पाहून तिथं उतराल, तर शहराच्या पूर्व भागात निघाल आणि दीक्षाभूमी राहील दूर पश्चिमेला. तिकीट घेताना खिडकीवर नुसतं स्टेशनाचं नाव सांगू नका, जायचं कुठं आहे ते सांगा. तिथला माणूस योग्य स्टेशन सांगेल.

तिकीट, तपासणी आणि सरकता जिना

तिकिटाच्या चिठ्ठीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. तो फाटकावरच्या काचेला दाखवला की फाटक उघडतं. उतरल्यावर बाहेर पडतानाही तीच चिठ्ठी लागते, म्हणून ती चुरगाळू नका, टाकू नका. तिकीट प्रत्येकाचं वेगळं मागा आणि ज्याचं त्याच्या हाती द्या.

आत जाताना थैली तपासतात. विळा, कोयता, रॉकेल, फवारणीचं औषध असलं काही बरोबर नेऊ नका. आणि खर्रा खाणाऱ्या भाऊंनो, आत थुंकलात तर दंड होईल आणि सर्वांदेखत मान खाली जाईल.

सरकत्या जिन्याशी म्हाताऱ्या माणसांचं जमत नाही. दर्यापूरकडची एक आजी त्या जिन्यापाशी थबकली आणि म्हणाली, “मले नाई चढता येत बाप्पा या पायऱ्याईवर!” मागची गर्दी ढकलू लागली, मुलगा ओशाळून तिच्यावरच चिडला. चार पावलांवर लिफ्ट होती, ती त्याला ठाऊक नव्हती. आईवर चिडण्यापेक्षा तिथल्या कर्मचाऱ्याला “लिफ्ट कुठं आहे?” एवढं विचारावं. लुगड्याचा काठ आणि लेकरांच्या चपला मात्र सरकत्या जिन्यावर फार सांभाळाव्या.

ताटातूट झाली तर?

आपली शकुंतला (ती आता बंद पडली) धावत येणाऱ्या माणसासाठी थांबायची म्हणतात. मेट्रो थांबत नाही. दारं आपोआप मिटतात, आणि घरची दोन माणसं आत तर दोन बाहेर राहू शकतात. म्हणून गाडी येण्याआधीच ठरवून ठेवा. जो पुढे गेला, त्यानं पुढच्याच स्टेशनावर उतरून फलाटावर थांबावं. मागं राहिलेल्यांनी पुढच्या गाडीनं तिथं यावं. म्हातारं माणूस किंवा लेकरू एकटं मागं राहिलं, तर त्यानं जागचं हलू नये. त्याला नेण्यासाठी घरचा माणूस परत येईल. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. मिटणाऱ्या दारात हात किंवा थैली कधीही घालू नका.

जाता जाता

काम आटोपून वेळ उरला, तर मुलांना खिडकीशी बसवा. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असे चार मजले दिसतील. वर्धा मार्गावर 3.14 किलोमीटरच्या एकाच पुलावर खालच्या मजल्यावर मोटारी, वरच्या मजल्यावर मेट्रो असं आहे. त्याची गिनीज बुकात नोंद झाली आहे.

बाजार समितीत माल नेताना काटा कुठं, पावती कुठं, हे आपण चार ठिकाणी विचारतोच ना? तिथं लाज वाटत नाही, मग इथं का वाटावी? पुढच्या खेपेस आईला दवाखान्यात न्याल, तेव्हा आधी एखाद्या मोकळ्या दिवशी दोन स्टेशनं स्वतः जाऊन या. वाट एकदा पायाखालची झाली, की तिचा हात धरून नेताना तुमचा हात कापणार नाही.