पोटात मुक्काम करणारी गोळी

आमच्या अक्काला नागीण झाली होती. पाठीपासून बरगडीपर्यंत फोड आले. काही दिवसांनी फोड वाळले, खपल्या पडल्या. पण आग काही गेली नाही. अंगाला पदर लागला तरी ती कळवळायची. नागिणीचे असेच असते. फोड जातात, पण कातडीखालच्या नसा दुखावलेल्या राहतात. म्हाताऱ्या माणसांना ते दुखणे कधी कधी महिनोन्‌महिने पुरते.

डॉक्टरांनी एक मोठी गोळी दिली. रोज एकच घ्यायची. अक्काला ती गिळवेना. मी बत्ता घेतला, गोळी कुटली आणि मधातून चाटवली. सारा जन्म पोरांना शिकवण्यात गेला, पण आधी विचारावे एवढे काही सुचले नाही. थोड्या वेळाने अक्काला चक्कर आली आणि ती ओट्यावरून पडली. नशीब, हाड मोडले नाही. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, दिवसभराचं औषध तुम्ही एका दमात दिलंत!"

मग मी अशा गोळ्यांची माहिती काढली. त्यातली एक गोळी मोठी नवलाची आहे. तिचीच गोष्ट सांगतो.

नागिणीनंतरच्या दुखण्यावर गॅबापेंटिन नावाचे औषध देतात. अमेरिकेत १९९३ साली ते आधी फेफऱ्यासाठी मंजूर झाले, आणि २००२ साली या दुखण्यासाठी. औषध कामाचे, पण त्याची एक खोड आहे. आपण गिळलेले आधी जठरात, म्हणजे पोटाच्या पिशवीत जाते. तिथून ते आतड्यात उतरते. हे औषध रक्तात शिरते ते लहान आतड्याच्या वरच्या भागातून. तिथे जणू नदीकाठी होड्या लागलेल्या असतात. होडीत मावेल तेवढे औषध पलीकडे जाते. एकदम गर्दी झाली, तर बाकीचे अलीकडेच राहते आणि पुढे वाहून जाते. दिवसाचे ९०० मिलिग्रॅम तीन वेळांत वाटून दिले, तर शंभरातले साठ भाग अंगी लागतात. तसेच ४८०० दिले, तर सत्तावीसच!

म्हणून हे औषध दिवसातून तीनदा घ्यावे लागते. दुपारची गोळी शेतावर कोणाला आठवते?

मग सावकाश विरघळणारी गोळी केली की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण तेवढ्याने भागत नाही. रिकामे पोट दर दीड-दोन तासांनी स्वतःची झाडलोट करते. एक जोराची लाट येते आणि उरलेसुरले पुढे ढकलते. त्यात गोळीही जाते. होड्या मागे राहतात आणि औषध पुढे जाऊन सुटते. तेव्हा गोळीला पोटातच मुक्काम करायला लावणे भाग होते.

हे कसे साधावे? ऑस्ट्रेलियात १९५० नंतरच्या काळात मेंढ्यांना कोबाल्ट नावाच्या क्षाराची जड गोळी देऊ लागले. ती मेंढीच्या पोटात तळाशी बसून पुष्कळ महिने झिजत राही. पण माणूस काही रवंथ करणारे जनावर नव्हे. त्याच्या पोटात नुसत्या वजनाचा भरवसा नाही. मग कोणी बुचासारखी तरंगणारी गोळी केली. तीही माणूस आडवा झाला की घसरू शकते.

कॅलिफोर्नियातल्या डेपोमेड कंपनीने तिसरी वाट धरली. अळीव पाण्यात टाकले की कसे फुगतात, बुळबुळीत होतात! तसा फुगणारा पदार्थ त्यांनी गोळीत घातला. पोटात जाताच गोळी फुगते. आता जठराच्या खालच्या तोंडाची करामत पाहा. पोटात जेवण असते तेव्हा ते चाळणीसारखे वागते. बारीक दळलेले तेवढे सोडते, मोठे अडवते. फुगलेली गोळी अडून राहते. तिच्यातून औषध थोडे थोडे झिरपते आणि प्रत्येक होडीला बेताचा उतारू मिळतो. शेवटी गोळी मऊ होऊन झिजते आणि निघून जाते.

पहिली मोठी चाचणी फसली. पुढे ४५२ रोग्यांवरच्या चाचणीत गुण दिसला आणि २०११ च्या जानेवारीत अमेरिकेत परवानगी मिळाली. मात्र दुखणे साफ जाते असे नव्हे, ते कमी होते. आणि शंभरातल्या सुमारे अकरा जणांना चक्कर येते.

सारी मदार जेवणावर आहे, बरं का. म्हणून ती गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर झाडलोटीत निघून जाते. तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतली, तर उपाशीपोटीपेक्षा दुपटीहून जास्त औषध रक्तात पोहोचते.

आपल्याकडे दुखण्याच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या सावकाश सुटणाऱ्या गोळ्या पुष्कळ मिळतात. सगळ्याच काही पोटात मुक्काम करत नाहीत. पण कुटली की बहुतेकींचे औषध एकदम सुटते. त्यांच्या नावापुढे बहुधा एसआर, ईआर, एक्सआर अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती वाचता येत नसतील तर दुकानदाराला विचारा, "ही फोडून चालेल का? जेवणाआधी की नंतर?" गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. आपल्या मनाने कुटू नका, आणि एकदम बंदही करू नका.

अक्काची मोठी गोळी डॉक्टरांनी बदलली. आता लहान गोळ्या आहेत, दिवसातून तीन वेळा. दुपारची मी स्वतः नेऊन देतो.