थ्री-नॉट-थ्री आणि तिचे परदेशी भाऊबंद

बडोद्याच्या दांडिया बाजारातला खासेराव जाधवांचा बंगला आज अरविंद निवास म्हणून ओळखला जातो. संस्थानच्या नोकरीत असताना अरविंद घोष तिथे राहत. खासेरावांचे बंधू माधवराव संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट होते, आणि अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्र बंदूक चालवायला शिकले ते बडोद्यातच. हा काळ विसाव्या शतकाच्या तोंडावरचा. पुढे 1907 साली ब्रिटिश फौजेला ली-एनफिल्डची मार्क-३ रायफल मिळाली, आणि तिलाच हिंदुस्थान थ्री-नॉट-थ्री म्हणू लागला.

दोन महायुद्धं संपल्यावर अशा लाखो रायफली मोडीत निघाल्या. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हौशी नेमबाजांनी त्या हौसेने विकत घेतल्या. मग वाद सुरू झाला: कोणत्या देशाची रायफल चांगली?

एनफिल्डची ख्याती झपाट्याची. तिचा बोल्ट साठ अंशांत उघडतो, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं बसतात, आणि मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडणं ही ब्रिटिश शिपायाची परीक्षाच होती. जर्मन माउझर 98 मध्ये काडतुसं पाचच आणि बोल्टही नव्वद अंश उचलावा लागतो. पण त्याचे कुलुपाचे खटके पुढच्या बाजूला, थेट काडतुसाजवळ असतात, एनफिल्डचे मागे. मजबुतीत माउझर सरस तो इथेच, म्हणून शिकारी रायफलींनी जगभर त्याची नक्कल केली.

रशियाची मोसिन-नागांत स्वस्ताईसाठी प्रसिद्ध. सुमारे 3 कोटी 70 लाख तयार झाल्या, आणि एकेकाळी अमेरिकेत ती शंभर डॉलरच्या आत मिळे. बोल्ट मात्र अडेल, आणि जुनी फौजी काडतुसं वापरली तर नळी लगेच धुवावी लागते, कारण त्यांच्या टोपीतले क्षार लोखंडाला गंज लावतात. स्वस्त बंदुकीची ही वसुली विकत घेताना कोणी सांगत नाही.

स्वीस के-31 चा थाट वेगळा. तिचा बोल्ट फिरवायचा नसतो, सरळ मागे ओढायचा. दस्त्याच्या तळाची पट्टी काढली, तर पुष्कळदा आत ती बाळगणाऱ्या सैनिकाचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी सापडते. अचूकता आणि कारागिरी पाहता मोडीतल्या मालात हिचा पहिला नंबर लावायला हरकत नाही. एनफिल्डच्या चाहत्यांना राग आला तरी.

भारताचाही या बाजारात माल आहे. इछापूरच्या कारखान्याने 1960च्या दशकात एनफिल्डचाच सांगाडा अधिक मजबूत पोलादात घडवून 7.62 मिमीची 2ए आणि 2ए1 काढली. मॅगझिन बारा काडतुसांचं. यातल्या हजारो पुढे अमेरिकी हौशी मंडळींकडे गेल्या.

बडोद्याच्या माणसाला मात्र ती घेता येत नाही. .303 आणि 7.62 हे दोन्ही बोअर आपल्याकडे निषिद्ध आहेत. फौजी काडतूस ज्यात बसेल ते खासगी हातात नको, हा इंग्रजांच्या वेळचा विचार आपण तसाच चालू ठेवला. त्या विचारातूनच .315 बोअरची रायफल जन्मली. ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं 8 मिमी काडतूस आणि एनफिल्डचा सांगाडा यांचं हे लग्न इंग्रजांच्या अमलातच लागलं होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी ती बनवली. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसतात, ती पुण्याच्या खडकी कारखान्याची. नेमबाजाच्या नजरेतून पाहिलं तर ही रायफल दणकट खरी, पण लक्ष्यभेदाच्या स्पर्धेत तिला जागा नाही. भारतात थ्री-नॉट-थ्रीची बहीण म्हणून कायद्याने मिळते ती ही.

मूळ थ्री-नॉट-थ्री मात्र पोलिसांकडे उरली. मुंबईत 26/11च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री सीएसटी रेल्वे स्थानकावर एके-47 समोर काही पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला 26 जानेवारी 2020च्या संचलनात निरोप दिला.

तेव्हा बडोद्यात ज्याला नेमबाजीचा नाद लागला असेल, त्याने मोसिन की माउझर हा वाद गप्पांपुरताच ठेवावा. रायफल क्लबात जावं, 10 मीटरवर एअर रायफलने हात बसवावा, मग .22 कडे वळावं. आणि परवान्याचे कागद हाती आल्याशिवाय कोणत्याही 'जुन्या फौजी' रायफलीला हात लावू नये.